कुरळे केस, खाण्याचा सोडा आणि कंडिशनर: कुणी करून पाहिलंय का?

वेण्णाकाठची

मंडळी, एक शंका आहे. थोडी लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे केस जन्मापासून कुरळे. लाटालाटांचे नव्हेत, चांगले गोल वळ्यांचे. साताऱ्यात होते तोवर त्यांचे फार लाड कधी करावे लागले नाहीत. नळाला कासचं पाणी, रविवारी शिकेकाई, न्हाण्याआधी खोबरेल, विषय संपला. लग्न होऊन सांगलीत आले, विश्रामबागेत. आमच्या अपार्टमेंटला वापरायचं पाणी बोअरचं. तेव्हापासून केस जे राठ झालेत ते झालेत. न्हाऊन आलं की चरचरीत लागतात, वाळले की पिंजारतात. कंगवा घातला तर अडकेल तिथेच मुक्काम.

परवा एक व्हिडिओ बघितला. अमेरिकेतली आफ्रिकन वंशाची मुलगी, केस माझ्याहून कितीतरी दाट वळ्यांचे. तिने वाटीभर कंडिशनरमध्ये दोन चमचे खाण्याचा सोडा कालवला, ओल्या केसांना एकेक बट घेऊन चोपडला, पंधरा-वीस मिनिटांनी धुतला आणि वर पुन्हा नुसता कंडिशनर लावला. नंतर बोटं आरपार फिरत होती. खाली बायकांनी "माझेही झाले, माझेही झाले" म्हणून रांग लावलीय.

सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "घरातला सोडा भज्यांपुरता आहे."

तर सोड्याने केस खरंच मऊ होतात का? आपल्याकडे कुणी केलंय? आणि करायचं झालं तर किती दिवसांनी?

भडंगप्रेमी

केस मऊ करायचेत की फुगवायचेत ते आधी ठरवा. सोड्याने फुगतं. हलकेच घ्या.

मिश्किल_मिरजकर

वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली की झाला ढोकळा. धाग्याला शुभेच्छा, खुर्ची टाकून बसलोय.

मंगळवार_पेठ

वेण्णाकाठची, शिकेकाई का सोडलीस ते आधी सांग बाळा. आमच्या साताऱ्यातल्या घरात अजून तीच आहे. शिकेकाई, आवळकाठी, थोडा नागरमोथा, चार रिठे. रात्री लोखंडी कढईत भिजत घालायचं, सकाळी उकळी आणायची, कोमट झालं की हाताने कुस्करायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. कुरळ्या केसांना गाळणं फार महत्त्वाचं. पूड तशीच थापली तर चोथा वळ्यांत बसतो आणि दुसऱ्या दिवशी ब्लाउजवर सांडतो. रिठा हात राखून घालावा, जास्त झाला की केस कोरडे ठक्क होतात. डोळ्यांत गेलं तर मात्र माझ्या नावाने शंख करू नका.

वेण्णाकाठची

आजी, सोडली नाही हो, सुटली. साडेआठची बस असते. फडकं, कढई, गाळणं या सगळ्याला रविवारसुद्धा पुरत नाही. शाम्पूवर आलेय.

कराडचे_सर

शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे तास घेतोय असं वाटलं तर घंटा वाजवा.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पाण्यात कालवला की द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ८.३ च्या आसपास जातो. डोक्याच्या त्वचेचा असतो साधारण ५.५, आणि केसाला स्वतःला मानवतो तो त्याहून खालचा. हा आकडा एकाने वाढला की अल्कधर्म दहापट वाढतो, म्हणजे ५.५ ते ८.३ हा फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही.

केसाच्या बाहेरच्या अंगाला कौलांसारखे खवले असतात, एकावर एक चढलेले, टोकाकडे उतरते. आम्लधर्मी पाण्यात ते मिटून बसतात. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो आणि खवले उचलले जातात. मग एका केसाचा खवला दुसऱ्या केसात अडकतो, गुंता वाढतो, चकाकी जाते. शिवाय केसावरचा ऋणभार वाढतो. सगळ्या केसांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना लांब ढकलतात. ताई ज्याला पिंजारणं म्हणाल्या ते हेच.

कंडिशनरचं काम याच्या बरोबर उलट. बाटलीमागे बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड असं लिहिलेलं सापडेल. हे धनभारित रेणू केसाला जाऊन चिकटतात, भार शमवतात आणि दोन केसांमधलं घर्षण कमी करतात. सोबत सिटाइल अल्कोहोलसारखे मेणचट पदार्थ असतात. अल्कोहोल या नावाला घाबरू नका, ते कोरडं करणारं नव्हे. आणि बहुतेक कंडिशनरमध्ये थोडं सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्ल असतं. सोडा टाकल्यावर वाटीत बारीक बुडबुडे आले तर समजायचं, पैसे देऊन आणलेलं आम्ल केसापर्यंत पोचायच्या आधीच संपलं.

कृष्णाकाठचा_गडी

सर, लय भारी. शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर रसायनशास्त्रात पास झालो असतो की ओ.

जिचं_तिला_माहीत

सरांचं सगळं मान्य. पण मी केलंय आणि माझे केस झालेत मऊ. माझेही कुरळेच आहेत, राहते इस्लामपूरला. आम्ही पुस्तकं वाचून केस धुत नाही, हाताला काय लागतं ते बघतो. सोडा-कंडिशनर लावलं, धुतलं, पहिल्यांदाच वळ्या सुट्या झाल्या. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. त्यामुळे "होतच नाही" असं कुणी म्हणू नये.

पार्लरवाली_मिरज

जिचं_तिला_माहीत, त्याआधी तुम्ही केसांना काय लावत होता? सीरम? आणि तेल किती?

जिचं_तिला_माहीत

सीरम रोज. तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री, भरपूर. शाम्पू सौम्यवाला, फेस न येणारा. का?

पार्लरवाली_मिरज

तिथेच मेख आहे बघा. माझ्याकडे अशा खूप मुली येतात. हल्ली सगळ्यांनी ती कर्ली गर्ल पद्धत धरलीय, सल्फेटचा, म्हणजे नेहमीचा भरपूर फेसाचा शाम्पू बंद. तो बंद केला तर सिलिकोनचं सीरमही बंद करायला पाहिजे, कारण सौम्य शाम्पूने ते नीट निघत नाही. हे निम्मंच ऐकतात. सीरमवर सीरम, त्यावर तेल, त्यावर बोअरचा क्षार. केस ओला केला तरी आत पाणी शिरत नाही, बेसिनजवळ उभं करून पाणी ओतलं तर थेंब वरूनच घरंगळतात. अशा केसावर सोडा गेला की तेलाचा थर सुटतो, चोळण्याने बाकीचंही थोडं निघतं आणि पहिल्यांदाच कंडिशनर केसापर्यंत पोचतो. मऊ केलं ते कंडिशनरने, नाव झालं सोड्याचं. महिन्यातून एकदा साधा सल्फेटचा शाम्पू लावला असता तरी हेच झालं असतं, आणि केसाला त्रासही कमी.

आता दुसरी बाजू. एकदा बरं वाटलं म्हणून दर आठवड्याला सोडा लावणाऱ्याही येतात. ओला केस बोटांत धरून हलकेच ओढला तर चांगला केस थोडा ताणतो आणि परत जागेवर येतो. यांचा ताणतो आणि तुटतो. मग कात्रीशिवाय माझ्याकडे उपाय नसतो.

जिचं_तिला_माहीत

हं. सीरमचं पटतंय. तरी मी "झाले मऊ" यावर ठाम आहे.

मिश्किल_मिरजकर

जळजळ होत असेल तर इनो घ्या. त्यातही सोडाच असतो, धाग्याच्या विषयाला धरून आहे.

न्यूजर्सीचा_सातारकर

मूळ व्हिडिओबद्दल थोडं. बायकोची मैत्रीण आफ्रिकन अमेरिकन आहे, तिच्याकडून ऐकलेलं आणि इथे राहून पाहिलेलं लिहितो.

इथे या बायकांवर केस सरळ करण्याचा दबाव फार पूर्वीपासून आहे. त्यासाठी जे रिलॅक्सर वापरतात त्यातल्या बऱ्याच प्रकारांत सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे तुमचा कॉस्टिक सोडा. नोकरीत, शाळेत नैसर्गिक केसांवरून अडवणूक इतकी की कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, क्राउन ॲक्ट. पाठोपाठ इतर राज्यांनीही केला. रिलॅक्सर सोडून आपले केस आहेत तसे वाढवणाऱ्या बायकांनी एकमेकींना असे घरगुती प्रयोग शिकवले, सोडा-कंडिशनर त्यातलाच.

मुद्दा असा की त्यांचे केस स्प्रिंगसारखे बारीक वळ्यांचे असतात. डोक्याचं तेल टोकापर्यंत उतरतच नाही, म्हणून त्या शिया बटरसारखी जड लोणी लावतात आणि केस धुतात आठवड्या-दोन आठवड्यांनी. बटा वळून ठेवल्या तर आणखी उशिरा. इतके दिवस साठलेला थर काढायला सोडा. आपण आठवड्यातून दोनदा न्हाणारी माणसं, आपल्या डोक्यावर एवढं साठतं कुठे? त्यांची कृती त्यांच्या सवयींवर बेतलेली आहे. आणि त्यांच्यातही यावरून भांडणं आहेत, सगळ्याजणी सोड्याच्या बाजूच्या नाहीत.

वेण्णाकाठची

हे माहीत नव्हतं. कायदा करावा लागला म्हणजे कमाल आहे. आमच्याकडे कायद्याची गरजच नव्हती, वर्गशिक्षिका पुरेशा होत्या. "तेल लावून चप्प बसव नाहीतर उद्या बाहेर उभी." काळ्या रिबिनी आणि दोन वेण्या, तरी दुपारपर्यंत कपाळावर महिरप यायचीच.

ऐतवडेकर_वहिनी

+१ रिबिनींना. मला बघायला आले होते तेव्हा मामींनी इस्त्री फिरवली होती केसांवर, कपड्यांची! मधे वर्तमानपत्र ठेवून. लग्नानंतर पहिल्यांदा न्हाले तेव्हा आमचे "हे" दारात उभे राहून म्हणाले, "हे कुणाचे केस?" आता लेकीचेही तसेच आहेत आणि बापच रोज पाणी मारून विंचरून देतो.

कृष्णाकाठचा_गडी

वहिनी, दंडवत घ्या. 

आन् ते साताऱ्याचं पाणी ग्वाड, सांगलीचं वाईट असं सारखं नका म्हणू. कृष्णा तीच. तुमच्या माहुलीवरनं खाली आमच्याकडंच येती. आमच्या नदीच्या पाण्यात काय खोट न्हाय, खोट बोअरमधी हाय.

ऐतवडेकर_वहिनी

खरंय. आणि बोअरचं खारं पाणी हे आमचं आम्हीच करून ठेवलंय. उसाला पाट फोडून मोकळे, निचऱ्याची सोय नाही, मिरज आणि वाळवा तालुक्यात क्षारपड झालेली रानं बघा. जमिनीवर पांढरा थर दिसतो उन्हाळ्यात. तेच पाणी वर ओढलं की डोक्यावर तोच थर.

भडंगप्रेमी

केसांवरून निघालो, उसापर्यंत पोचलो. आता एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) आणि कारखान्याची पहिली उचल यावर कुणीतरी बोला, म्हणजे जिल्ह्याची परिक्रमा पूर्ण.

कराडचे_सर

अवांतर वाटेल, पण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर वहिनींनीच दिलंय. पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम म्हणजे पाण्याचा जडपणा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरच्या पाण्याचा आकडा मोजून घ्यावा, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत साधी चाचणी असते. तोवर घरच्या घरी: पातेल्यात लिटरभर पाणी खळाखळा उकळा आणि झाकून ठेवा. निवल्यावर तळाला पांढरा गाळ आणि कडेला खरखरीत वळ दिसला की ओळखा. हीटरच्या कॉइलवर जे पापुद्रे जमतात तेच हे.

उकळल्याने जडपणाचा एक भाग खाली बसतो. वरचं पाणी अलगद ओतून घेतलं तर शेवटच्या धुण्याला बरं पडतं. आरओमधून जे पाणी बाहेर टाकलं जातं ते केसांना वापरू नका, त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात.

आणि हो, कुणी म्हणेल सोड्याने पाणी मऊ होतं. धुण्याच्या सोड्याने होतं, म्हणून तर तो कपड्यांना. तो सोडियम कार्बोनेट, पीएच ११ च्या घरात. केसांना बिलकूल नाही.

पलूसची_पोर

सर, हे ठळक अक्षरात लिहा! माझ्या मामेबहिणीने नेमका हाच घोळ घातला. व्हिडिओत "सोडा" ऐकलं आणि मोरीतल्या डब्यातला घेतला. लावल्यावर आधी बोटं बुळबुळीत झाली, मग टाळू चुरचुरायला लागली. आत्याने तशीच नळाखाली धरली. टाळू बरी झाली आठवड्यात, पण कानामागचे केस बोटभर उंचीवर तुटलेत, अजून उभे राहतात. पापडखारही त्याच जातीचा, तोही नको.

त्वचेची_डॉक्टर

उशिरा येतेय, ओपीडी होती. पलूसची_पोर यांनी लिहिलंय ते गांभीर्याने घ्या.

खाण्याचा सोडा एकदा लावून कुणाचं आकाश कोसळत नाही. पण कोंडा, सोरायसिस, इसब किंवा डोक्यावर खाजवून झालेल्या जखमा असतील तर अजिबात नको. केस रंगवलेले किंवा सरळ करून घेतलेले असतील तरीही नको. लिंबू पिळून उन्हात बसणाऱ्याही भेटतात, त्यांना हात जोडून विनंती: लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात.

राठ होण्याबरोबर केस गळतही असतील तर पाण्याला दोष देऊन बसू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासा. लग्न, गाव बदल, बाळंतपण, डेंग्यू, यांतलं काही झालं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, तो वेगळा विषय.

आणि वैतागून पार्लरमध्ये केस सरळ-गुळगुळीत करायचं "केराटिन" करायला जाणार असाल तर आत काय आहे ते विचारा. काहींतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड सुटतो, आणि ग्लायऑक्सिलिक ॲसिडवाल्या काही प्रकारांनंतर मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेलेत.

पार्लरवाली_मिरज

डॉक्टर, पोटावर पाय आणता आमच्या. पण खरं आहे, मी तो प्रकार ठेवतच नाही.

सांगलीचा_कुरळ्या

पुरुषांनी इथे लिहिलं तर चालतं ना? माझे केस कुरळे, दाढीही कुरळी. कटिंगवाला दरवेळी म्हणतो, "बारीक करून टाकू का?" मी जवसाचं पाणी लावतो. हसू नका.

कृती: दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी. मंद आचेवर, सतत ढवळत. आधी काहीच होत नाही, मग वर पांढरट फेस धरतो आणि पळीवरून थेंब पडायच्या ऐवजी तार ओघळायला लागते. त्याच क्षणी उतरायचं. गरम असतानाच पातळ ओढणीतून गाळायचं. गार झालं की जवस आणि बुळबुळीत रस एकमेकांना सोडत नाहीत, पिळून मनगटं दुखतात. बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, आंबूस वास आला की टाकून द्यायचं. ओल्या केसांना कंडिशनरनंतर, हाताने चुरगाळत लावायचं. वाळल्यावर कडक वाटतं, मुठीत दाबलं की मोकळं होतं.

ऐतवडेकर_वहिनी

आमच्याकडे डब्यात जवस भाजलेलाच असतो, चटणीसाठी. तो चालतो का?

सांगलीचा_कुरळ्या

कच्चाच घ्या वहिनी. भाजलेल्याची तार नीट येत नाही, आणि ऑफिसात लोकांना भूक लागते.

मंगळवार_पेठ

कुरळ्या, शाबास. आमच्या वेळी हे भेंडीच्या पाण्याने व्हायचं.

वेण्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांनी सांगितलं तसं पातेलं उकळून बघितलं. तळाला खडूच्या चुऱ्यासारखा गाळ, कडेला घट्ट वळ, तो घासणीने निघेना. सासूबाई म्हणाल्या, डाळ शिजत नाही म्हणून त्या कुकरमध्ये चिमूटभर सोडा घालतात तो याच पाण्यापायी.

सीरम मीही लावते हे लिहायचं राहिलं होतं. पार्लरवाली ताई, आता सोड्याऐवजी नेमकं काय करू ते एकदा सलग सांगाल का?

पार्लरवाली_मिरज

सीरम बंद. शाम्पू घेताना बाटलीमागे ईडीटीए लिहिलंय का बघा, ते पाण्यातला क्षार पकडतं. सल्फेटचाच घ्या, पण महिन्यातून एक-दोनदा, फक्त मुळांना चोळायचा, लांबीवरून नुसता फेस उतरू द्यायचा. एरवी सौम्य. कंडिशनर भरपूर, केस पाण्याने निथळत असताना, आणि तो डोक्यावर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर विंचरायचं. कोरडे कधीच विंचरायचे नाहीत. शेवटचा तांब्या उकळून निवलेल्या पाण्याचा. त्यात हवं तर लिटरला चमचाभर पांढरं व्हिनेगर, दर वेळी नको. टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती टी-शर्टने टिपा.

जिचं_तिला_माहीत

यातलं व्हिनेगर मी करून बघते. पण सोड्याचा डबा लगेच टाकणार नाही, सांगून ठेवते.

पार्लरवाली_मिरज

टाकू नका. वर्षाकाठी एखादवेळी, सीरमचा अगदीच थर झाला तर, वाटीभर कंडिशनरला एक लहान चमचा, पाचेक मिनिटं, टाळूला न लावता, आणि नंतर पुन्हा कंडिशनर. एवढ्याला माझी ना नाही.

वेण्णाकाठची

ईडीटीएवाला शाम्पू गणपती पेठेत मिळाला, लेबल दुकानातच चष्मा लावून वाचलं. दुकानदार म्हणाला, "ताई, औषध घेताय का शाम्पू?" अजून एक विचारायचं होतं: उकळून निवलेलं पाणी आदल्या रात्री काढून ठेवलं तर चालेल का? सकाळी वेळ नसतो.

कराडचे_सर

उत्तम. रात्रभर स्थिर राहिलं तर गाळ जास्त चांगला बसेल. भांडं हलवू नका आणि तळाचं दोन बोटं पाणी ओतून द्या.

कृष्णाकाठचा_गडी

झाडाला नका ओतू सर, क्षारपड हुईल कुंडी.